चष्मेवाल्याची खास निवड

चष्मेवाल्याला आयुष्यात कुणी खास असं कधी निवडलं नव्हतं. शाळेत संघ पाडताना तो शेवटी उरायचा आणि दोन्ही कप्तान 'तू घे, नको, तूच घे' करत त्याला एकमेकांकडे ढकलायचे. बायकोने तरी आपल्याला निवडलं, असं तो मनाशी धरून होता; पण सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते त्या दिवशी तिची गाडी त्याच्या दुकानासमोर बंद पडली होती आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

त्यामुळे टपालाने एक जाड जांभळं पाकीट आलं आणि त्यावर बोटभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत 'अभिनंदन! आपली खास निवड झाली आहे' असं छापलेलं दिसलं, तेव्हा तो एका पायात चप्पल आणि एका पायात नाही, अशा अवस्थेत दारातच थबकला.

"अगं, माझी निवड झाली!" तो आत ओरडला.

"कशासाठी?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"ते अजून वाचलं नाही."

बायको ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि घरातही तो आहेच, असं ती धरून चालायची. तिने हात पुसले, पाकीट फोडलं आणि वरचा कागद वाचून दाखवला. एक बँक चष्मेवाल्याला नवं क्रेडिट कार्ड देऊ करत होती. जुन्या कार्डावरची सगळी थकबाकी या नव्या कार्डावर वळवायची आणि पंधरा महिने व्याज शून्य.

"बघ! शून्य!" चष्मेवाला म्हणाला. "एवढ्या मोठ्या गावातून मला शोधून काढलं त्यांनी."

"अहो, ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनाच शोधून काढलंय. डास चावला म्हणून कुणी सत्कार झाला असं म्हणतं का?"

कर्ज होतं, हे खरं. ते बैठकीच्या खोलीत खिडकीशी उभं होतं, काळ्या कातड्याचं आणि म्हशीएवढं. ती मालिश करणारी खुर्ची होती. दोन वर्षांपूर्वी चष्मेवाला एका प्रदर्शनात नुसता फिरायला म्हणून गेला आणि 'बसून तर बघा साहेब, बसायला पैसे पडत नाहीत' असं विक्रेत्याने म्हटल्यावर बसला. खुर्चीने त्याच्या पोटऱ्या दोन्हीकडून गच्च धरल्या आणि पाठ मळायला घेतली. "बंद कशी करायची?" त्याने विचारलं. "ते खरेदीनंतर सांगतो," विक्रेता म्हणाला. चष्मेवाल्याने बसल्या बसल्या खिशातून कार्ड काढून दिलं. तेव्हापासून तो दर महिन्याला बिलातली कमीत कमी रक्कम भरत होता, ती बहुतेक सगळी व्याजात जात होती आणि मुद्दल जसंच्या तसं मुक्कामाला होतं.

सासूबाईही तशाच मुक्कामाला होत्या. पाठ धरली म्हणून त्या चार दिवसांसाठी लेकीकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि उठल्याच नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या घरात खुर्ची पाहून पसरले गेले.

"जा-जा-जावई-बा-पू," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. खुर्ची चालू असली की त्यांचं बोलणंही तिच्याबरोबर हलायचं. "शू-शू-शून्य म्ह-म्हणजे फु-फुकट. घे-घेऊन टा-टाका."

"आई, तू मध्ये पडू नकोस," बायको म्हणाली. मग तिने पाकिटातून दुसरा कागद काढला. तो दोन्ही बाजूंनी मुंग्यांसारख्या अक्षरांनी भरलेला होता. "नियम आणि अटी. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा आणि मग मला सांगा घ्यायचं की नाही. आरशात बघितल्याशिवाय लेन बदलायची नाही."

"वाचतो की. त्यात काय एवढं," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने कागदाची झटकन घडी घातली.

कारण त्याला ते वाचता येणार नव्हतं. गेली काही वर्षं त्याला जवळचं दिसत नव्हतं. सगळ्या रस्त्याला चाळिशीचे चष्मे लावणाऱ्या या माणसाला स्वतःला चाळिशी लागली होती आणि हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. न्हाव्याच्या डोक्यावर केस नसले तर चालतं, पण चष्मेवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील, अशी त्याला भीती होती. तो स्क्रू चाचपून बसवायचा आणि बिलं हात लांब करून वाचायचा. अलीकडे हात पुरत नव्हते.

रात्री उशी पाठीशी घेऊन त्याने कागद उघडला आणि बायको बघतेय म्हणून मधून मधून 'हं' केलं. एकदा पानही उलटलं. सकाळी कागद खिशात घालून तो दुकानात गेला आणि तिथे त्याला युक्ती सुचली.

दुकानात जवळची नजर तपासायला एक जुना तक्ता होता. त्यावर 'माळी सकाळी लवकर उठून झाडांना पाणी घालतो' असा एक उतारा होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांना तो इतका पाठ झाला होता की एका आजोबांनी तक्ता उलटा धरून तो घडाघडा म्हणून दाखवला होता. तेव्हा तक्ता बदलायला हवाच होता, असं चष्मेवाल्याने स्वतःला पटवलं आणि नियम-अटींचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवला.

पहिलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरची बेकरीवाली. तिच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवून चष्मेवाल्याने पुठ्ठा तिच्या हातात दिला. "वरून वाचा. मोठ्याने वाचा, म्हणजे मला अंदाज येतो."

"'थकबाकी वळवण्याचं शुल्क म्हणून एकूण रकमेच्या तीन टक्के एकरकमी आकारले जातील.'" बेकरीवाली थांबली. "तीन टक्के? पण इथे वर तर शून्य लिहिलंय!"

"अक्षर स्पष्ट दिसतंय ना?"

"अक्षर दिसतंय हो. पण मी 'पाव फुकट' अशी पाटी लावली आणि पिशवीचे पैसे घेतले, तर लोक मला भट्टीत घालतील."

दुसरे आले दातांचे डॉक्टर. हे भित्र्या स्वभावाचे गृहस्थ होते. दुसऱ्यांच्या तोंडात यंत्र घालताना त्यांचा हात कापत नसे, पण बाकी सगळ्याला ते घाबरत. त्यांनी पुढचा भाग वाचला. "'देय दिनांकास वा तत्पूर्वी किमान रक्कम अदा न केल्यास सदर सवलत पूर्वसूचनेविना संपुष्टात येईल.' मला अक्षरं दिसतात, पण अर्थ लागत नाही. नंबर वाढवा."

चष्मेवाल्याने लेन्स बदलली. "आता?"

"आता न लागणारा अर्थ मोठा दिसतोय."

दोघांनी मिळून डोकं लढवलं तेव्हा कळलं की एक हप्ता चुकला की शून्य संपलं. डॉक्टरांना घाम फुटला. कर्ज त्यांचं नव्हतं, तरी.

तिसरे निवृत्त पंच. आयुष्यभर मैदानावर शिट्टी वाजवलेली. निवृत्तीनंतरही ती गळ्यातच होती. त्यांनी अगदी तळाची ओळ वाचली, 'अटींमध्ये केव्हाही बदल करण्याचा अधिकार बँक राखून ठेवत आहे', आणि इतक्या जोरात शिट्टी फुंकली की चष्मेवाल्याच्या हातातली लेन्स उडून कपाटाखाली गेली.

"खेळ चालू असताना नियम बदलणार? बाद!" पंच गरजले. "हा संघच बाद!"

असा तो कागद चष्मेवाल्याला हप्त्याहप्त्याने कळत गेला, पण आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. शिवाय कागदावर नाव चष्मेवाल्याचंच होतं आणि वाचणारा प्रत्येक जण घरी जाऊन ते सांगत होता. आठवडाभरात रस्त्याचे दोन तट पडले. बेकरीत 'घ्यावं' म्हणणारे पावाच्या बाजूला आणि 'घेऊ नये' म्हणणारे बिस्किटांच्या बाजूला उभे राहू लागले. बेकरीवालीने शेवटी ठरवलं की तीन टक्के एकदाच जातात, जुनं व्याज रोज जातं, तेव्हा घ्यावं. नजर अगदी ठणठणीत असलेले लोकही 'जरा डोळे तपासा' म्हणून येऊ लागले आणि आल्या आल्या विचारू लागले, "आज कितवा परिच्छेद?"

हे सगळं बायकोला कळलं ते चौकातल्या लाल दिव्यापाशी.

दातांचे डॉक्टर तिच्याकडे गाडी शिकत होते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, समोरून नजर न काढता ते म्हणाले, "तुमच्या यजमानांनी नाही म्हणावं, असं माझं मत आहे."

"कशाला नाही म्हणावं?"

"त्या कार्डाला. एक हप्ता चुकला की संपलं. पण बेकरीवाल्या बाई ऐकत नाहीत. त्यांच्याकडे काल मतदान झालं."

दिवा हिरवा झाला. डॉक्टरांनी गाडी हलवली आणि बायकोने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. मागून पाच-सहा हॉर्न वाजले.

"माझं काही चुकलं का?" डॉक्टर केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"तुमचं नाही. गाडी उजवीकडे घ्या."

"उजवं वळण पुढच्या आठवड्यात शिकवणार होतात ना?"

"आत्ता शिका."

डॉक्टर उजवीकडे वळले, आणखी एकदा वळले आणि चष्म्याच्या दुकानासमोर एक चाक फुटपाथवर चढवून थांबले. आत पंच दुसऱ्यांदा डोळे तपासून घेत होते. "उठा," बायको म्हणाली. तिचा सूर ऐकून पंच शिट्टी सावरत उठले. तिने नवऱ्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि पुठ्ठा त्याच्या हातात दिला.

"वाचा."

"अगं, गिऱ्हाईक आहे..."

"गिऱ्हाईक थांबेल. वाचा."

चष्मेवाल्याने पुठ्ठा हातभर लांब धरला. मग आणखी लांब. घसा खाकरला. "'अभिनंदन! आपली खास...'"

"ते पाकिटावर होतं. हा आतला कागद आहे."

त्याने डोळे बारीक केले. कपाळाला आठ्या पडल्या, कान लाल झाले आणि अखेर सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "'माळी सकाळी लवकर उठून झाडांना पाणी घालतो.'"

पंचांनी मान वाकडी करून पुठ्ठ्याकडे बघितलं.

"मी दोनदा वाचलाय कागद," डॉक्टर हळूच पंचांना म्हणाले. "त्यात माळी कुठेच नव्हता."

बायको रागावेल असं सगळ्यांना वाटलं. ती आली होती ती रागावूनच. पण नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून तिचा राग बसला. "कधीपासून?" तिने विचारलं.

"झाली असतील तीनेक वर्षं."

"आणि म्हणून वाढदिवसाला मी दिलेलं पत्र वाचून तुम्ही 'छान आहे, सावकाश बघू' म्हणालात?"

"त्यात काय होतं?"

"प्रेम होतं," बायको म्हणाली. "जाऊ दे आता."

पंचांनी आदराने टोपी काढली. बायकोने चाचणीची फ्रेम नवऱ्याच्या नाकावर ठेवली आणि पेटीतल्या लेन्स एकेक करून घालून बघितल्या. 'ही बरी की ती बरी' हा प्रश्न हजारो लोकांना विचारलेला माणूस आज त्याचं उत्तर देत होता. चौथ्या लेन्सला त्याने मान वर केली. तो कागदाकडे बघतच नव्हता.

"तुझ्या भुवईवर व्रण आहे?"

"पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याने झाडावर गाडी घातली होती. टाके घालताना तुम्हीच दवाखान्यात बसला होतात."

"हो की. तो अजून आहे?"

"शेजारी सुरकुतीही आली आहे. दिसली का?"

"नाही बुवा," चष्मेवाला झटकन म्हणाला. हे खोटं होतं, पण शहाणपणाचं.

मग तो कागद वाचायला बसला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बोट ठेवून. बायको, डॉक्टर आणि पंच समोर उभे होते आणि दाराच्या काचेला नाक लावून बेकरीवाली उभी होती. वाचता वाचता चष्मेवाल्याचा चेहरा उतरत गेला. नव्या कार्डावर काहीही विकत घेतलं तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. हप्त्याला एक दिवस उशीर झाला तर सवलत खलास. आणि पंधरा महिन्यांनंतर जे उरेल त्यावर जुन्या कार्डापेक्षाही जास्त व्याज. पान उलटून त्याने मागची बाजूही वाचली, मग पुठ्ठा पालथा ठेवला.

"नको," तो म्हणाला. "मला भीती वाटते. ही आगीतून फुफाट्यात उडी आहे. माझ्यासारख्या विसराळू माणसाला हे झेपायचं नाही."

"मग घेऊ या," बायको म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला शून्य दिसत होतं तोवर मी नाही म्हणत होते. तुम्ही शून्य बघून शून्यच भरलं असतं. आता तुम्हाला खड्डे दिसलेत. माझ्याकडे जो घाबरत नाही, त्याला मी मोठ्या रस्त्यावर जाऊ देत नाही. आणि यांना बघा," तिने डॉक्टरांकडे बोट दाखवलं. "आज इतके घाबरले होते की तीनही वळणांना आरशात बघितलं."

"दोनच वळणं होती," डॉक्टर म्हणाले. "तिसरं फुटपाथ होता."

बाहेर बेकरीवालीने टाळ्या वाजवल्या. तिच्या बाजूचं मत जिंकलं होतं.

अर्ज गेला, नवं कार्ड आलं आणि थकबाकी वळली. कार्ड हातात पडताच बायकोने शिवणाच्या कात्रीने त्याचे चार तुकडे केले, म्हणजे नवी खरेदी हा विषयच मिटला. आता दर महिन्याला थकबाकीचा पंधरावा हिस्सा भरायचा होता आणि तो कमीत कमी रकमेच्या कितीतरी पट होता. पैसे कुठून आणायचे? चष्मेवाल्याचं म्हणणं, खुर्ची दुकानात ठेवावी. चष्मा तयार होईपर्यंत गिऱ्हाइकं थांबतातच. त्यांनी दहा मिनिटं बसावं आणि डब्यात पैसे टाकावेत.

"खु-खुर्ची जा-जाईल ति-तिथे मी," सासूबाईंनी जाहीर केलं.

त्यांना उठवायचे सगळे प्रयत्न फसले. शेवटी रविवारी सकाळी बेकरीतल्या चार पोरांनी खुर्ची त्यांच्यासकट उचलली. दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. पुढे पंच शिट्टी फुंकत वाहनं अडवत होते, मागून डॉक्टर 'सांभाळा, सांभाळा' म्हणत चालले होते आणि मध्ये सासूबाई मांडीवर पर्स घेऊन, ओळखीच्या खिडक्यांकडे बघून मान डोलवत होत्या. वाटेत बेकरीपाशी त्यांनी खुर्ची खाली ठेवायला लावली आणि बिस्किटं घेतली.

दुकानात खुर्चीची कमाई यथातथाच झाली. पैसे भरलेला माणूस आला की सासूबाई नाइलाजाने उठत, त्याच्या डोक्याशी स्टुलावर बसत आणि घड्याळ बघत दर मिनिटाला किती उरलं ते ओरडून सांगत. त्याने कुणाचीच पाठ सैल होईना. पण खुर्ची रिकामी होईपर्यंत वेळ जाईना म्हणून त्या गिऱ्हाइकांना फ्रेमबद्दल सांगू लागल्या.

"ही काढ. घुबड दिसतोस."

"आई!" चष्मेवाला दबक्या आवाजात म्हणायचा. गेली कित्येक वर्षं तो प्रत्येकाला प्रत्येक फ्रेम 'शोभते हो' असं सांगत आला होता आणि लोक 'विचार करतो' म्हणून निघून जात होते.

"घुबडच दिसतोय. याला गोल चेहऱ्यावर गोल काच काय देता? तो चौकोनी काढा. वरचा. वरचा हो, किती घाबरता!"

घुबड दिसणाऱ्या माणसाने चौकोनी फ्रेम घातली, आरशात बघितलं आणि दोन घेतल्या. एका तरुणीला त्यांनी चष्मा घेऊच दिला नाही. "तुला चष्म्याची नाही, झोपेची गरज आहे. घरी जा," असं म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तिने तिच्या कचेरीतले सहा जण पाठवले. 'तिथे एक बाई खरं बोलते' अशी बातमी पसरली आणि लांबलांबची माणसं स्वतःचा अपमान करून घ्यायला येऊ लागली. पंचांना त्यांनी सांगितलं की तुमच्या चेहऱ्यावर कुठलीच फ्रेम वाईट दिसत नाही. त्यानंतर पंच रोज यायला लागले.

हप्ते वेळेवर गेले. चष्मेवाला नाकावर चष्मा लावून, देय तारखेच्या आठवडाभर आधीच भरून टाकायचा. एका महिन्यात तर भरलाय की नाही या धास्तीने त्याने दोनदा भरला. त्यामुळे कर्ज मुदतीच्या एक महिना आधीच फिटलं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि त्या गर्दीतच त्याने कार्ड बंद करायला बँकेला फोन लावला.

"बंद करण्याचं कारण सांगाल का सर?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

चष्मेवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. "सासूबाई," तो म्हणाला.

"माझ्याकडे तो पर्याय नाही सर. सेवेबद्दल असमाधान, दुसऱ्या बँकेची ऑफर, स्थलांतर आणि मृत्यू, एवढेच आहेत."

"छे छे, मृत्यू नको. त्या ठणठणीत आहेत. समोर एकाला फ्रेम दाखवतायत."

मुलीने टाइप करणं थांबवलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सर, चष्म्याचं दुकान आहे का तुमचं? जिथे एक बाई खरं बोलते, ते? माझ्या नाकावर कुठलाच चष्मा टिकत नाही हो. सारखा खाली घसरतो."

चष्मेवाल्याने फोन सासूबाईंकडे दिला.

"हं, बोल," सासूबाई म्हणाल्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबायची खूण केली. "आधी नाक कसं आहे ते सांग. आणि हे बघ, लाजायचं नाही."